न बिघडलेल्या स्पीकरची कैफियत

मी एक जुना स्पीकर आहे. खाली दोन चाकं, वर ओढायची दांडी, पुढं लोखंडी जाळी, असा कंबरेएवढा उभा डबा. शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या माळ्यावर मी पडून आहे. एका बाजूला गोलपोस्टच्या फाटक्या जाळ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला मोडकं मखर. उंदरांनी माझी वायर कुरतडली आहे, पण उंदरांबद्दल माझी काही तक्रार नाही, ते त्यांचं कामच आहे. माझं भांडण माणसांशी आहे. माझ्या पाठीवर कुणीतरी खडूनं 'खराब' असं लिहून ठेवलंय. मित्रांनो, मी खराब नाही. कधीच नव्हतो. पण हे सांगायला आता मला माईक कोण जोडून देणार? म्हणून तुम्हालाच सांगतो. जरा जवळ सरका.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. एका बाईनं माझ्या तारा जोडल्या, दुसरीनं जाळी बसवली, तिसरीनं एक गाणं वाजवून बघितलं आणि मान डोलावली. मग थर्माकोलमध्ये गुंडाळून मला कोल्हापूरला धाडलं. दुकानात काचेमागं मी उभा होतो तेव्हा तालमीची पोरं आली. दुकानदारानं माझा आवाज पूर्ण सोडला. काच थरथरली, शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन शिव्या देऊ लागला, आणि पोरं एकसुरात ओरडली, "नाद खुळा! ह्योच पायजे!" त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आता आठवलं की हसू येतं, आणि रागही येतो.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. गणपती आला की मी, शिवजयंती आली की मी, कुणाच्या पोरीची हळद असली की मी. खंडेनवमीला तालमीतल्या गदेशेजारी मला उभं करायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. तालमीचे अध्यक्ष हंबीरराव. सगळी पेठ त्यांना आण्णा म्हणते. हे आण्णा माईक हातात घेतला की आधी त्याच्यावर दोन टपल्या मारायचे, मग "हॅलो, हॅलो" करायचे आणि मग अर्धा तास बोलायचे. "आमच्या तालमीत समदी एक हाईत, कुणी ल्हान न्हाय, कुणी थोर न्हाय," हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून इतक्या वेळा म्हटलंय की माझ्या मॅग्नेटलाही ते पाठ झालं. मी आपला भोळा. जे आत येईल ते बाहेर फेकायचं, एवढंच मला येतं. त्यात खरं किती आणि थाप किती हे बघायची सोय माझ्यात कुणी बसवलेली नाही.

आमची तालीम नावाला कुस्तीची, पण पेठेचा जीव फुटबॉलमध्ये. थंडी सुरू झाली की मोसम चालू होतो, उन्हाळा संपेपर्यंत पेठेत दुसरा विषय नसतो. पावसाळ्यात मात्र सगळं बंद. मैदानाचं तळं होतं आणि खेळाडू घरी बसून रस्सा ओरपतात. चार महिन्यांनी आले की बनियन पोटावर ताणलेलं असायचं. मग पहिल्या दोन सामन्यांत धापा टाकायच्या, आणि हरलं की म्हणायचं, पंच विकला गेला होता.

हे मोडायला तालमीनं मिरजेहून ऋतुराज नावाचे प्रशिक्षक आणले. तरुण माणूस, बोलणं मऊ. ते म्हणाले, "मोसम पावसाळ्यात जिंकायचा असतो." पोरं हसली. पण आण्णांना शिस्त हा शब्द फार आवडतो, त्यामुळं त्यांनी मान हलवली. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून ओळखीतल्या एका मंगल कार्यालयाचा हॉल रिकामाच होता, तो मिळाला. जिथं मी हळदीची गाणी वाजवली होती, तिथंच आता फरशीवर प्लॅस्टिकचे लाल शंकू समोरासमोर मांडले गेले. आणि ऋतुराजसरांनी आपला फोन मला जोडून बीप टेस्ट लावली.

मित्रांनो, ही टेस्ट अगदी सोपी. वीस मीटरवर दोन रेषा. मी बीप दिली की या रेषेवरून पळायचं, पुढची बीप वाजायच्या आत त्या रेषेवर पोचायचं, वळायचं, परत यायचं. सुरुवातीला बीप सावकाश येते, म्हाताराही पोचेल. मग टप्प्याटप्प्यानं ती घाईला येते. लागोपाठ दोनदा उशीर झाला की माणूस बाहेर. जो शेवटपर्यंत उरेल त्याच्या छातीत दम जास्त. बस्स, एवढंच.

खरं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा मला माझा आवाज आवडला. भाषण नाही, घोषणा नाही, कुणाचं नाव नाही. एक बारीक टूं, आणि ती सगळ्यांना एकाच वेळी. आण्णांच्या पुतण्यालाही तीच आणि परगावच्या पोरालाही तीच. मला वाटलं, चला, आता आपण काहीतरी खरं बोलू लागलो.

परगावचा पोरगा म्हणजे प्रसेनजीत. चंदगडच्या डोंगरातल्या एका गावचा, बाविशीचा, पाय लांब आणि मान कायम थोडी खाली. हुपरीत त्याची मोठी बहीण निशा दिली आहे, तिच्याकडं राहायचा. दिवसभर एका घरगुती कारखान्यात मांडी घालून चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडायचा, आणि काम सुटलं की बस धरून सरावाला यायचा. पहिल्या दिवशी आण्णांनी त्याला विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालास?" त्यानं सांगितलं. आण्णा म्हणाले, "बरं, बरं." मी आवाजाच्या धंद्यातला आहे, मित्रांनो. त्या दोन 'बरं'मध्ये आण्णांचा सूर किती खाली आला ते मला चांगलं ऐकू आलं.

तेव्हापासून तालमीत त्याचं नाव 'पावणं'. "ए पावणं, बॉल आण." "पावणं, पाणी ठिवलंय बघ तिकडं, तुझं येगळं." पाहुणा म्हटलं की चार दिवसांत तो एकतर घरचा होतो नाहीतर जातो. हा दोन मोसम झाले तरी पाहुणाच. गेल्या मोसमात त्याला तीन सामन्यांत खेळवलं, तिसऱ्यात मांडीमागची शीर भरली आणि तो बाहेर बसला. "चंदगडचं इंजान बंद पडलं," असं म्हणून लोक हसले.

आषाढातल्या पहिल्या टेस्टमध्येही हसले. प्रसेनजीत सातव्या टप्प्यावरच गळपटला. खाली बसला, तोंडाला फेस. त्याच्या आधी फक्त दोघे बाहेर पडले होते, त्यातल्या एकाला ताप होता. ऋतुराजसर मात्र त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "दम आहे तुझ्यात. पळणं येत नाही. बीपच्या आधी धावत जाऊन रेषेवर उभा राहतोस, तिथं काय वडापाव वाटतात का? बीपच्या बरोबर पोच. वळताना कंबर खाली घे, पाय आडवा टाक, गोल फिरू नको." आणि वर सांगितलं की या वेळी संघातल्या दोन मोकळ्या जागा टेस्टवर भरणार, दसऱ्यानंतर शेवटची टेस्ट, पहिले दोन आत. आण्णांनीही सगळ्यांसमोर हो म्हटलं. माझ्यातूनच म्हटलं.

त्या दिवसापासून प्रसेनजीत आणि मी जोडीदार झालो. बाकीची पोरं गेली की तो मला चाकांवर ओढत हॉलच्या मध्यात आणायचा, स्वतःचा फोन जोडायचा आणि एकटा पळायचा. मला तालमीत परत नेताना पाऊस असला की आपला रेनकोट काढून माझ्यावर घालायचा आणि स्वतः भिजत चालायचा. आठ वर्षांत मला असं कुणी जपलं नाही. माळा सगळ्यांनी घातल्या, पण पाऊस आला की ताडपत्री आधी आण्णांच्या खुर्चीवर जायची.

एक दिवस गंमत झाली. तो पळत होता, गोलकीपर यशराज भिंतीला टेकून बसला होता, आणि मध्येच फोन वाजला. फोन मला जोडलेला, त्यामुळं पलीकडचा आवाज हॉलभर घुमला आणि यशराजला हसू फुटलं. निशाचा.

"प्रसन्या, जेवलास का?"

"टेस्ट चाललीय आक्का, मागनं करतो."

"ऐक आधी. बाबांचा फोन आलता गावाकडनं. काजूच्या बागंत माणूस न्हाय, ह्याला धाडून दे म्हणत्यात. मी सांगितलं, ह्या साली त्याचं संघात नाव लागतंय. लागतंय न्हवं?"

"लागंल की."

"न्हाय लागलं तर फुटबॉल सोडतो म्हणालास. माझ्या पोराच्या डोक्यावर हात ठिवून म्हणालास. ध्यानात हाय?"

"हाय, आक्का."

यशराज हसायचा थांबला होता. प्रसेनजीतनं फोन बंद केला आणि पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू केलं. आता तुम्हीच सांगा, मला ती टेस्ट साधी टेस्ट कशी वाटणार? माझ्या प्रत्येक टूंवर त्या पोराचं अख्खं फुटबॉल टांगलेलं होतं.

आणि तो सुधारला, बरं का. ऋतुराजसरांनी सांगितलं तसं त्यानं केलं. वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन बैठका, मांडीमागच्या शिरेसाठी जमिनीवर गुडघे टेकून पुढं झुकायचा व्यायाम, आणि सर म्हणतील त्या दिवशी अजिबात न पळता झोप. हे शेवटचं त्याला सगळ्यात अवघड गेलं. दिवसभर मांडी घालून आखडलेले पाय तो आधी अर्धा तास मोकळे करायचा. एकटा पळताना त्यानं श्रावणात नववा टप्पा गाठला, भाद्रपदात अकरावा. वळताना त्याचे बूट फरशीवर चर्र करायचे. आधी तो चर्र माझ्या टूंच्या मागून यायचा, हळूहळू बरोबर येऊ लागला. माझ्या बरोबरीनं कुणी असं चाललं नव्हतं कधी. मला फार बरं वाटायचं.

पण सगळ्यांच्या टेस्टमध्ये एक भलताच प्रकार चालायचा. आमचा कप्तान पृथ्वीराज. पेठेतला, तिशी ओलांडलेला, एके काळी डाव्या पायानं असा फटका मारायचा की गोलकीपर नुसता बघत राहायचा. सगळी पोरं त्याला दादा म्हणतात आणि देव मानतात. त्याचा उजवा गुडघा मात्र कधीच संपलेला. नवव्या टप्प्याला तो लंगडू लागायचा. आणि मग बघा, एकाएकी सगळ्या पोरांना रोग व्हायचे! एकाची लेस सुटायची, एकाच्या पोटात कळ यायची, एकाला खोकल्याची उबळ. दादा थांबायच्या आधी सगळे थांबलेले. दादा शेवटी एकटा एक फेरी मारायचा आणि टाळ्या घ्यायचा. थोरल्याच्या पुढं पळायचं नाही, ही तालमीची रीत. कुस्तीतून आलेली. आखाड्यात म्हातारा पैलवान उतरला की पोरगा स्वतःहून पाठ टेकतो, तशी. ऋतुराजसर बिचारे डोकं खाजवत बसायचे, की सगळ्या संघाचा दम एकाच ठिकाणी कसा संपतो? त्यांना कुणी सांगितलं नाही. तेही पाहुणेच.

प्रसेनजीतला यशराजनं सांगितलं. "हे बघ भावा, दादा थांबला की आपण थांबल्यालं असायचं. तू आता पुढं जायला लागलायस. संभाळ."

"मग जागा कशी मिळणार?"

"ते मला काय म्हाईत? पर दादाच्या म्होरं पळालास तर पेठ तुला सोडायची न्हाय."

त्या पोराच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! थांबला तर जागा गेली, नाही थांबला तर माणसं गेली. दोन आठवडे तो सगळ्यांच्या टेस्टमध्ये दादाच्या आधी लेस बांधायला बसला आणि सगळे गेल्यावर एकटा तेरावा टप्पा पळाला. मला जाळी फाडून ओरडावंसं वाटायचं, अहो सर, हे बघा, इकडं बघा! पण मी पडलो स्पीकर.

शेवटच्या टेस्टच्या आदल्या दिवशी पृथ्वीराज गुडघ्याला पट्टी गुंडाळत हॉलच्या पायरीवर बसला होता. प्रसेनजीत मला आत घेत होता. पृथ्वीराजनं त्याला हाक मारली.

"प्रसेनजीत, इकडं ये. उद्या मी थांबलो तरी तू थांबू नगोस."

"दादा, पोरं काय म्हणतील?"

"पोरं गेली उडत. मला काय कळत न्हाय व्हय? समदी माझ्यासाठी लेस बांधत्यात. लाज वाटती रं. म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत पुढं सोडावं तसं करत्यात. तू पळ. मी हाय की."

"नक्की, दादा?"

"शब्द हाय माझा."

'मी हाय की.' मी हे स्वतःच्या जाळीनं ऐकलं. प्रसेनजीत त्या दिवशी मला तालमीत नेताना गुणगुणत होता.

दुसऱ्या दिवशी मैदान वाळलं होतं, म्हणून टेस्ट तिथंच ठेवली. आण्णांनी पेठ बोलावली. खुर्च्या, सतरंज्या, चहाची किटली, पोरंटोरं, गच्चीवरून बघणाऱ्या बायका. टेस्ट झाली की लगेच संघाची नावं जाहीर होणार होती. मला मध्यात ठेवलं, ऋतुराजसरांनी फोन जोडला, आणि मी बोलू लागलो.

पहिले टप्पे सगळे हसत पळाले. मग घाम आला. मग आठवा संपता संपता रोग सुरू झाले. खोकला, पोट, लेस. यशराजही खाली वाकला, त्यानं प्रसेनजीतकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली. नववा गेला. मैदानात दोघेच राहिले. पृथ्वीराजचा पाय ओढला जात होता. एक बीप हुकली, दुसरी हुकली. तो थांबला, गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नेहमीसारख्या. टाळ्या संपल्या तरी चर्र, चर्र चालूच होतं.

प्रसेनजीत पळत होता. माझ्या प्रत्येक टूंला त्याचा पाय रेषेवर. दहावा. अकरावा. लहान पोरांना काय कळतंय, ती उड्या मारून ओरडू लागली. मोठी माणसं पृथ्वीराजकडं बघत होती. कुणीतरी मागून म्हणालं, "ए पावणं, बास की आता! कळलं!" हशा झाला. बारावा. मग हसायचंही थांबलं. तेरावा चालू झाला आणि अहो, तो अजून ताठ पळत होता! चार महिन्यांपूर्वी सातव्यावर तोंडाला फेस आलेला पोरगा. मला इतका आनंद झाला होता की माझी जाळी वाजायला लागली.

आण्णा खुर्चीवरून उठले. सावकाश चालत माझ्यापाशी आले. वाकले. आणि त्यांनी माझं बटण दाबून मला बंद केलं.

प्रसेनजीत रेषेवर पोचला. वळायच्या तयारीत एक पाय आडवा टाकून तो उभा राहिला. बीपची वाट बघत. बीप येईना. छाती भात्यासारखी वरखाली, आणि डोळे माझ्याकडं.

"आण्णा, अजून चालू आहे," ऋतुराजसर धावत आले.

"सर, ह्ये यंत्र बिघडलंय. बीप उशिरा वाजतीया. मगापासनं बघतोय मी."

"आवाज माझ्या फोनमधून येतोय, आण्णा. स्पीकर बिघडला तर वाजणार नाही. उशिरा कसा वाजेल? आणि बाकीचे पण याच बीपवर पळाले ना?"

"सर," आण्णा हसून म्हणाले, "तुमी पावणं. तुमास्नी च्या सांगितलाय, गरम हाय तवर घ्या. पेठंचं पेठ बघंल."

ऋतुराजसरांनी एकदा सगळ्यांकडं बघितलं. कुणी चहाच्या कपात बघत होतं, कुणी आभाळात. मग त्यांनी फोन खिशात टाकला. चहा घेतला की नाही ते मला आठवत नाही.

आता पुढचं ऐका. आण्णांनी मला पुन्हा चालू केलं. माईक घेतला. टपल्या मारल्या. "हॅलो, हॅलो. पेठेतल्या समस्त मंडळींना कळवण्यात येतंय की आपला स्पीकर बिघडल्यामुळं आजची टेस्ट बाद करण्यात आली हाय. निवड दरसालप्रमाणं कमिटीच करंल."

माझ्याच तोंडून! खणखणीत, शेवटच्या गच्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी सगळ्या पेठेला सांगितलं की मी बिघडलोय. आणि एवढ्या माणसांत एकालाही हसू आलं नाही. एकालाही वाटलं नाही की अरे, मग हे वाजतंय काय? मी खरखर करायचा प्रयत्न केला, शिट्टी मारायचा केला, काही म्हणजे काही जमलं नाही. शब्द न् शब्द स्वच्छ गेला.

प्रसेनजीतनं पृथ्वीराजकडं बघितलं. पृथ्वीराज गुडघ्याची पट्टी सोडत होता. खूप लांब पट्टी असावी, कारण नावं वाचून होईपर्यंत ती सुटली नाही. दोन मोकळ्या जागांवर आण्णांचा पुतण्या आणि पुतण्याचा मित्र आले. तीही नावं मीच वाचली.

लोक पांगले तेव्हा प्रसेनजीत आण्णांपुढं येऊन उभा राहिला. मान पहिल्यांदाच वर होती.

"आण्णा, स्पीकर बिघडलाय न्हवं?"

"व्हय. मग?"

"मग तो मला द्या. तुमच्या काय कामाचा न्हाय. मी घिऊन जातो हुपरीला."

आण्णा कात्रीत सापडले. देतो म्हणावं तर पोरगा हुपरीत नेऊन वाजवणार आणि जगाला दाखवणार. नाही म्हणावं तर का नाही? आजूबाजूची पोरं खाली बघू लागली. शेवटी आण्णा गुरकावले, "तालमीची वस्तू हाय ती. खराब असंल न्हायतर काय बी असंल. तुझा तिच्यावर काय हक्क? निघ आता, पावणं, बस चुकंल तुझी."

प्रसेनजीतनं माझ्या दांडीवर हात ठेवला, काढला, आणि तो गेला. बुटांना मैदानाची माती तशीच होती.

त्याच संध्याकाळी मला माळ्यावर चढवलं. चालू स्पीकर खाली ठेवला तर आण्णा खोटे पडले असते ना! कुणीतरी खडूनं पाठीवर ते लिहिलं. पुढच्या सणाला नवा स्पीकर आला, माझ्यापेक्षा उंच, लाल-निळे दिवे लुकलुकणारा. त्याच्यावरून कधी बीप वाजली नाही. ऋतुराजसर दिवाळीला मिरजेला गेले ते परत आले नाहीत, आणि त्यांना बोलवायलाही कुणी गेलं नाही.

मोसम सुरू झाला. माळ्याच्या झरोक्यातून मला खालच्या सगळ्या गप्पा ऐकू येतात. दुसऱ्याच सामन्यात पृथ्वीराज पडला. आसपास कुणी नव्हतं, कुणी पाय घातला नाही. वळायला गेला आणि गुडघा राहिला तिथंच. चार जणांनी उचलून आणलं. त्याच्या जागी उतरवायला पळणारं माणूस तालमीकडं नव्हतं. पुतण्या उतरला आणि थोड्याच वेळात कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. संघ हरला. पंच विकला गेला होता, असं खाली बोलणं झालं.

मागच्या महिन्यात दुपारच्या वेळी जिना करकरला. पृथ्वीराज काठी टेकत माळ्यावर आला. मखर बाजूला सारून माझ्याजवळ बसला. मग माझ्या जाळीवरची धूळ तळहातानं पुसत म्हणाला, "यशराज हुपरीला गेलता. प्रसेनजीतनं बूट दिऊन टाकल्यात कुणाला तरी. बहिणीला दिलेला शब्द मोडायचा न्हाय म्हणतोय. यंदा गावाकडं जाणार हाय, बागंत." आणि मला थोपटत म्हणाला, "तू खराब न्हवतास रं."

असा संताप आला मला! अरे बाबा, मला कशाला सांगतोस? मला ठाऊक आहे. हे एक वाक्य त्या दिवशी मैदानात म्हणायचं होतंस. माईक तुझ्यापासून दोन हातांवर होता. पेठेनं तुझं ऐकलं असतं, फक्त तुझंच ऐकलं असतं. 'मी हाय की' म्हणाला होतास ना? माळ्यावर येऊन मोडक्या मखराच्या आडोशाला खरं बोलतोस, ते कुणाच्या उपयोगाचं? पण माझी वायर कुरतडलेली, आणि वायर असती तरी आपलं बोलणं मला कधी आलं? तो डोळे पुसून उठला आणि काठी टेकत खाली गेला. पाठीवरचं खडूचं पुसायचं त्याला सुचलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमची धूळ झटका. मी तसं काही मागत नाही. धूळ मला सवयीची झाली. मला भंगारात घाला, माझे तुकडे करा, चालेल. फक्त तुमच्यातलं कुणी तुमच्या पुढं पळू लागलं, मग ते पोर कुठल्या का गावचं असेना, तर तुम्हाला वाईट वाटेल, वाटू द्या. जळा त्याच्यावर, मनातल्या मनात शिव्या घाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापेक्षा एक फेरी जास्त पळा. पण त्याची बीप बंद करू नका. आणि कुणी बंद करायला उठलाच, तर पट्टी सोडत बसू नका. तिथंच, त्याच वेळी, मोठ्यानं बोला. तुम्हाला स्वतःचा आवाज आहे.